जिंकल्यावर बसलेली थप्पड

ताई, अजून तुमचं दहावंही झालेलं नाही आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या तुमच्या घरी लोक येतात, सतरंजीवर मांडी घालून बसतात, फोटोकडे बघतात आणि तुम्ही किती शांत, किती मायाळू होतात ते एकमेकांना सांगतात. मी दाराशी बसून ऐकते. जिनं माझ्या डोळ्यांदेखत एका माणसाचं मनगट मोडलं, जिनं शर्यत जिंकल्याबद्दल मला भर मैदानात कानफटात लगावली, ती बाई शांत होती म्हणे. माणूस गेलं की लोक त्याला धुऊनपुसून फोटोत बसवतात. मला तुम्ही तशा नको आहात. मला तुम्ही तुमच्या त्या जड हातासकट हव्या आहात.

उरल्याच्या, कारखान्यांच्या रस्त्यावर तुम्हाला ट्रकनं उडवलं त्या सकाळी मी ड्यूटीवर होते. लोकांनी ड्रायव्हरला केबिनमधून खाली ओढला होता आणि तो माझ्या हाती आला. माझ्या हातात काठी होती. पुढे जे झालं त्याबद्दल ठाण्यात माझं कौतुक चाललं आहे, तुमच्या घरीही चाललं आहे, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. खरं काय झालं ते तुम्हालाच सांगायचं आहे. पण त्यासाठी मला आधी त्या थपडेपर्यंत जावं लागेल. आपलं खरं भांडण तिथंच अडकलेलं आहे.

मी तुमच्याकडे आले तीसुद्धा मारामारीतूनच. बाबांचा उजवा हात रोलिंग मिलमध्ये तापलेल्या सळीनं भाजला होता, बोटं आत वळून तशीच राहिली होती, आणि मिलनं त्यांना गेटवर राखणीला बसवलं होतं. आमच्या बीरगावच्या शाळेत एका पोरानं हात तसा वाकडा करून, बोटं मुडपून, चालून दाखवलं. मी त्याचं तोंड बाकावर आपटलं. त्याचा पुढचा दात पडला. त्याची आई शाळेत येऊन रडली, हेडमास्तरणीनं माझा दाखला काढायला घेतला, आणि खेळाच्या सरांनी रदबदली करून मला तुमच्या ग्राउंडवर आणून सोडलं. सर म्हणाले, "रेल्वेच्या टीममध्ये पळायच्या या. आता नोकरी सोडून पोरींना शिकवतात. यांनी नाही म्हटलं तर दाखला घेऊन घरी बस."

तुम्ही माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, बाजारात बैल घेताना दात बघतात तसे.

"कोन्त्या हातानं पाडला दात?"

"डाव्या."

"म्हंजे उजवा अजून बाकीच आहे. नाव काय तुहं?"

"करुणा."

तुम्ही इतक्या हसलात की तुम्हाला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणालात, "उद्या येजो. सहा वाजता. हात घरी ठेवून ये."

मला वाटलं, आता पळायला मिळेल. आणि तुम्ही मला हळू धावायला लावलंत. आठवडेच्या आठवडे हळू. म्हातारी माणसं फिरायला यायची, ती माझ्या पुढे निघून जायची. मी वेग वाढवला की मैदानाच्या त्या टोकाहून तुमचा आवाज यायचा, "काहून पळून राहिली? कोनी मांगं लागलं काय तुह्या?" तुमची कसोटीही अशी की सांगायला लाज वाटते. धावता धावता एक आख्खी शिवी, मध्ये श्वास न घेता, देता आली पाहिजे. शिवी तुटली तर वेग जास्त. मी रोज तुमच्याच नावानं शिव्या देत धावायचे आणि तुम्ही ऐकून म्हणायच्या, "हं, बराबर आहे. असंच जाऊ दे."

त्याहून मोठा छळ म्हणजे उद्याचं काम तुम्ही आज सांगत नव्हता. आज काय करायचं तेवढंच, तेही बूट बांधून झाल्यावर. सगळा हिशेब तुमच्या डोक्यात. इतर पोरी मान हलवायच्या आणि धावायला लागायच्या. मला ते जमत नव्हतं. आमच्या घरात कोणी काही सांगेल आणि ते तसंच होईल, असं कधी घडलं नव्हतं. मिलवाल्यांनी बाबांना सांगितलं होतं, हात बरा होईपर्यंतच गेटवर बसा. हात जेवढा व्हायचा तेवढा बरा झाला आणि बाबा गेटवरच राहिले. तेव्हा कोणी म्हटलं की तू फक्त आजचं कर, उद्याचं माझ्यावर सोड, की माझ्या अंगाची आग व्हायची. मी एकदा तुम्हाला तोंडावर विचारलं की पूर्ण प्लॅन दाखवायला काय जातं तुमचं.

"तुले सांगतलं तं तू उद्याचं आजच पळून टाकशील."

"मग काय बिघडेल?"

"तूच बिघडशील."

छत्तीसगढ राज्य नवीन होतं तेव्हा. रायपुरात रोज कुठल्या ना कुठल्या बंगल्यावर नवा बोर्ड चढत होता, रस्ते खोदून ठेवले होते, लाल दिव्याच्या गाड्या धूळ उडवत जात होत्या, आणि आमच्या बीरगावात त्या सगळ्या धामधुमीतून एकच शब्द पोचला होता, भरती. पोलिसात खेळाडूंच्या काही जागा निघणार होत्या. राज्याच्या स्पर्धेत पहिल्या तिघींत आलं तर नाव पुढे जाणार होतं. बाबा गेटवरून आले की जेवताना तोच विषय. आई भाकरी थापताना तोच विषय. घरात पगार येणार तो माझ्या पायांवरून येणार, हे ठरूनच गेलं होतं. आणि ते पाय तुम्ही म्हाताऱ्यांच्या मागे फिरवत होता.

म्हणून जिल्ह्याच्या शर्यतीत मी तुमचं ऐकलं नाही. आठशे मीटर, दोन फेऱ्या. तुम्ही सांगितलं होतं, पहिली फेरी तिसऱ्या नंबरवर, कोणाच्या तरी पाठीशी, आणि राग आला तर तो शेवटच्या शंभरापर्यंत दातात धरून ठेव. पिस्तूल वाजलं आणि मला सगळी माणसं एकदम दिसली. तो दात पडलेला पोरगा, मिलचा मुनीम, गेटवर स्टुलावर बसलेले बाबा. मी सुटले. पहिल्या वळणावरच पुढे होते आणि मागे वळून पाहिलंच नाही. दुसऱ्या फेरीत तोंडात रक्ताची चव आली, कानात घण पडायला लागले, डावी नडगी कोणी सुरीनं सोलतंय असं वाटलं, आणि मला ते आवडलं, ताई. हे तुम्हाला कधी समजलं नाही. मला वाटलं, याला म्हणतात पळणं. मी फीत छातीनं तोडली आणि चुन्याच्या रेषेवर पडले.

उठून उभी राहिले तेव्हा तुम्ही चालत येताना दिसलात. धावत नाही, चालत. बीरगावची माणसं टाळ्या वाजवत होती, बाबांनी त्यांचा तो वाकडा हात वर केला होता. मी हसले. आणि तुम्ही मला मारलंत. साधं मारलं नाही, खांद्यातून हात आणून मारलंत. माझा डावा कान संध्याकाळपर्यंत वाजत होता. टाळ्या थांबल्या. तुम्ही म्हणालात, "कोनाले मारून राहिली होती तू? पोट्ट्या तं सगळ्या मांगं होत्या."

मी मेडल न घेता घरी गेले आणि ठरवलं की तुमचं तोंड पाहायचं नाही.

मग मी माझा माझा प्लॅन केला. उरल्याच्या रस्त्यावर सकाळी शिफ्टच्या सायकली सुटतात, त्यांच्याशी शर्यत लावायची. रोज. काळी धूळ खात, ट्रकच्या कडेनं, जीव जाईस्तोवर. सायकलवाले हसायचे, काही घंट्या वाजवायचे, मी त्यांना मागे टाकायचे. पंधरवडाभर मी बीरगावची राणी होते. मग एका सकाळी नडगीतून आवाज आला आणि मी रस्त्यावर बसले ती उठलेच नाही. दोन सायकलवाल्यांनी मला उचलून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, हाडाला चीर गेली आहे, पाय टेकवायचा नाही. बाबा अंगणात जाऊन उभे राहिले, आणि मी उशीत तोंड खुपसून उशी चावली.

तुम्ही आलात. कोणी सांगितलं कोण जाणे. ऑटोतून उतरलात, दाराशी चपला काढल्यात आणि खाटेवर माझ्या पायाशी बसलात. आई चुलीपुढून उठली. आईला मी तसं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या हातात उलथनं होतं.

"माह्या पोरीले लोकाईसमोर मारलं तुमी. आमी कधी बोटही नाई लावलं तिले. काहून मारलं?"

"मारलं," तुम्ही म्हणालात. "हव."

"काहून, विचारून राहिली मी."

तुम्ही आईकडे न बघता माझ्या नडगीवर अंगठा दाबलात. मी गुरासारखी ओरडले. "हे," तुम्ही म्हणालात, "हे मले त्या दिवशीच दिसलं होतं. दुसऱ्या फेरीत हे डावा पाय चोरून राहिली होती. हाड तुटत होतं आन् पोट्टी हासत होती."

"मग तोंडानं नाही सांगता आलं?" मी विचारलं.

"तू ऐकलं असतं?"

आईनं उलथनं खाली ठेवलं आणि चहा टाकला. तुम्ही तो बशीत ओतून प्यायलात. माफी मागितली नाहीत. जाताना एवढंच म्हणालात, "पाय टेकवायचा नाही म्हंजे नाही. आजचं काम हेच आहे."

आणि मी ते केलं. पूर्ण पावसाळा खाटेवर काढला. का केलं, तर दुसरं काही करताच येत नव्हतं म्हणून. विश्वास वगैरे काही नव्हता. लोक आता म्हणतात की गुरूवर श्रद्धा पाहिजे. माझी श्रद्धा हाड मोडल्यावर सुरू झाली, आणि तीसुद्धा रडतखडत.

पाय बरा झाला तेव्हा परीक्षा जवळ होती आणि रोज चौबे कॉलनीला येणं जमत नव्हतं. तुम्ही सांगितलंत, घराजवळच्या रस्त्यावर धाव, पण हळू. मी साफ नाही म्हटलं. कारण तुम्हाला सांगून कळत नव्हतं की त्या रस्त्यावर पोरीनं हळू धावणं म्हणजे काय. वेगानं गेलं की पोट्टे शिट्टी मारतात आणि मागे पडतात. हळू गेलं की मोटरसायकल बाजूला येते. मग ती बाजूलाच राहते. मग हात येतो. मी तुम्हाला म्हणाले, तुमचा प्लॅन ग्राउंडवर बसून केलेला आहे, त्याला हा रस्ता माहीत नाही. हे माझं बोलणं बरोबर होतं, ताई. आजही बरोबर आहे. तुम्ही त्यावर वाद घातला नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या ऑटोनं बीरगावला आलात. सलवारीवर रेल्वेचा जुना स्वेटर, आणि हातात रिलेचं लोखंडी बॅटन.

"चल. शिवी लांब पाहिजे."

काही दिवस काही झालं नाही. मग ते दोघं आले मोटरसायकलवर. बाजूला आले, काहीबाही बोलले, तुम्हाला बघून "अम्मा भी दौड़ रही है" म्हणून हसले, आणि मागच्यानं हात लांब करून माझी वेणी धरली. त्यानं ओढली, माझी मान मागे गेली. तुम्ही न थांबता, धावण्याची लय न मोडता, बॅटन त्याच्या मनगटावर आणलंत. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. तो किंचाळला, गाडी घसरली, दोघं मातीत पडले. मी सगळा जोर काढून पळायला निघाले आणि तुम्ही माझा दंड पकडलात.

"हळू. आहे त्याच चालीनं."

"ताई, ते उठून येतील."

"येऊ दे. आज पळालो तं रोज पळा लागते."

मागून दगड आले. एक तुमच्या पाठीत बसला, तुम्ही "हं" केलंत, बस. माझे पाय सुटायला बघत होते, आणि तुमचा हात माझ्या दंडावर, आणि तीच म्हाताऱ्यांची चाल. मिलच्या गेटापर्यंत आपण तसेच गेलो. मागे कोणी आलं नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा तुमच्यावर विश्वास ठेवला. प्लॅनवर नाही, तुमच्यावर. प्लॅन करणारी स्वतः माझ्या बाजूनं धावली होती म्हणून.

गेटापाशी थांबल्यावर मी मात्र तुम्हाला सोडलं नाही. मी म्हटलं, तुम्ही मारलं तर चालतं आणि मी मारलं की राग दातात धर.

"मी रागानं नाही मारलं. माराचं होतं म्हून मारलं. फरक आहे."

"मग मला मारलंत ते? मैदानावर? तेही मारायचं होतं म्हणूनच?"

तुम्ही बॅटन स्वेटरला पुसलंत आणि ऑटो शोधायला लागलात. नंतरही मी कित्येकदा विचारलं. भरती झाल्यावर, पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आले तेव्हा, तुम्हाला ताप होता आणि मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते तेव्हा. तुम्ही प्रत्येक वेळी दुसरंच काही बोललात. एकदा तर म्हणालात, "तुले तेवढीच एक थप्पड याद आहे काय? बाकी काई शिकोलच नाही मी?"

शिकवलंत ना. राज्याच्या शर्यतीत पहिल्या फेरीत मी मागे राहिले. बीरगावची माणसं ओरडत होती, "अगं पळ ना," आणि मी पाठी मोजत राहिले. वळणावर बिलासपूरच्या पोरीनं कोपर मारलं, तिच्या बुटांच्या खिळ्यांनी माझी पिंढरी फाडली. रक्त मोज्यात उतरलं. पूर्वीची मी असते तर तिला तिथंच आडवी केली असती आणि दोघी बाद झालो असतो. मी दात आवळले. शेवटच्या वळणानंतर ते सोडले आणि जे काही बाहेर पडलं त्यानं मी ओरडत ओरडत चौघींना मागे टाकलं. दुसरी आले. बाबा रडले. तुम्ही माझी पिंढरी पाण्यानं धुतलीत आणि म्हणालात, "पयली आली असती. तीनशेवर उगाच खांदे वर केले." त्या दुसऱ्या नंबरानं मला ही वर्दी दिली, बाबांना गेटवरून घरी आणलं. हे उपकार मी विसरलेले नाही. पण भांडण वेगळं आणि उपकार वेगळे.

आपलं दुसरं भांडण त्या रस्त्याचं. मी पोलिसात लागले, तुमचे गुडघे दुखायला लागले, तरी तुम्ही आठवड्यातून दोनदा बीरगावला येऊन त्या रस्त्यावर धावायच्या. एकट्या. मी हातापाया पडले. म्हटलं, सगळं रायपूर बांधायला निघालंय, सळ्यांचे ट्रक दिवसरात्र सुटतात, ड्रायव्हर झोपेत चालवतात, तुम्ही कॉलनीत धावा. तुमचं उत्तर ठरलेलं. "त्या रस्त्यावर बाई पळताना दिसली पाह्यजे. लोकाईच्या डोळ्याले सवय लागते." सवय लागली होती, ताई. शेवटी शेवटी चहाचा टपरीवाला तुम्हाला नमस्ते करायचा, आणखी दोन पोरी सकाळी तुमच्या मागे निघायला लागल्या होत्या. तुम्ही जिंकला होता ते भांडण. आणि ट्रकनं ते मधूनच उचलून नेलं.

आता ती सकाळ.

ठाण्यात खबर आली की बाई उडवली, लोकांनी चक्काजाम केला आहे. आम्ही गाडीतून गेलो. रस्त्यात टायर जळत होते म्हणून गाडी अलीकडेच थांबवली. मी आणि हवालदार साहूजी पायी पुढे निघालो. कोणी तरी शाल घातली होती तुमच्यावर. शालीबाहेर एक बूट होता. बुटाची नाडी तुम्ही बांधता तशी, दोन गाठी. मला वाटतं मी तेव्हाच मेले असेन थोडी. पण पाय चालत राहिले.

ड्रायव्हर ट्रकच्या चाकाशी पडला होता. विशीतला पोरगा. डोकं फुटलेलं, शर्ट फाटलेला, एक डोळा बंद झालेला. काचा फुटत होत्या, सळ्या ओढून काढल्या जात होत्या. आणि मारणारे कोण होते माहीत आहे? टपरीवाला. शिफ्टचे सायकलवाले. ज्यांनी मला उचलून घरी आणलं होतं त्यांतला एक. तुम्हाला नमस्ते करणारी माणसं, तुमच्यासाठी रडत रडत त्याला लाथा घालत होती. मला पाहिलं आणि हात थांबले. आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, एक म्हातारी पुढे आली, तिनं जमावाला मागे सारलं, आणि मला छत्तीसगढीत म्हणाली, "पहिली तैं मार, नोनी. तोर गुरु रिहिस." पहिला मार तुझा, पोरी, तुझी गुरू होती.

आणि खरंच सगळे मागे सरकले, ताई. माझ्यासाठी जागा केली. मधे तो आणि मी आणि माझी काठी. साहूजी म्हातारा माणूस, तोही बाजूला झाला. कोणी मला अडवणार नव्हतं. पोरगा हात जोडून म्हणाला, "दीदी, नींद लग गई थी. दीदी, बचा लो."

नींद लग गई थी. त्या चार शब्दांसाठी मी त्याची कवटी फोडणार होते. खोटं सांगत नाही. काठी वर गेली होती. सगळ्यांनी पाहिलं की मी काठी वर नेली आणि मग खाली आणली, त्याची कॉलर धरली, त्याला उभा केला आणि गाडीकडे चालायला लागले. तो सुटून पळायला बघत होता. मी कानात म्हटलं, "भागा तो मरेगा. धीरे चल." लोकांना आधी कळलंच नाही. मग कळलं आणि दगड आले. मलाही लागले. म्हातारीनं मला शिव्या घातल्या, टपरीवाला थुंकला. आम्ही टायरांच्या धुरातून तसेच गेलो, गाडीचं दार उघडलं, त्याला आत ढकलला, साहूजींनी दार लावलं. मग मी गाडीच्या मागे जाऊन काठी रस्त्यावर आपटली. तुटेपर्यंत आपटली.

लोक म्हणतात, बाईंनी तिला राग गिळायला शिकवलं. साहेब म्हणाले, ट्रेनिंग म्हणजे काय ते आज दिसलं. परवा त्या पोराची आई रायगढकडून आली, ठाण्यात माझे पाय धरायला वाकली. मी पाय मागे घेतले. तिला काय सांगू? की बाई, तुझा पोरगा जगला तो माझ्या दयेमुळे नाही?

ताई, काठी वर होती तेव्हा मी तुमचा तो हात शोधत होते. राग नसलेला हात. मारायचं आहे म्हणून मारणारा. तुम्ही म्हणाला होता ना, फरक आहे. मी म्हटलं, तो सापडला तर मारीन, ताईंचं नाव घेऊन मारीन, आणि कोणाला उत्तर देणार नाही. मी अंगात सगळीकडे पाहिलं. नव्हता. नुसता राग होता, खांद्यापासून बोटांपर्यंत. म्हणून काठी खाली आली. एवढंच झालं. मी त्याला माफ केलेलं नाही, आजही करत नाही.

आणि ते शोधताना मला आणखी एक कळलं. असा हात कोणाचाच नसतो. त्या मनगटावर बॅटन आणलंत तेव्हा तुमच्याही हातात राग होता, आणि मैदानावर तर नक्कीच होता. पोरीचं हाड तुटताना दिसत होतं, ती हसत होती, आणि तुम्हाला पळत येऊन तिला थांबवता आलं नाही. तुम्ही घाबरला होता, ताई. घाबरून, चिडून मारलंत मला. त्यात प्लॅन नव्हता, काही शिकवणं नव्हतं. एवढं एकदा तोंडानं म्हणाला असता, तर मी त्याच दिवशी मेडल घेऊन तुमच्या मागे मागे घरी आले असते.